आईच्या कानाची साक्ष

दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझे पप्पा चौकातल्या बसथांब्याशेजारी उभे राहतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो पापी असल्याचं सांगतात. हातात माईक, बगलेत बायबल, पायाशी चाकांचा स्पीकर. "पश्चात्ताप करा! उद्यावर ढकलू नका, आजच करा!" लोक बस बघतात, मोबाइल बघतात, पप्पांकडे मात्र बघत नाहीत. त्याचं मला काही नाही. ज्याला ओरडायचंय त्याने खुशाल ओरडावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती त्यानंतर, साक्ष सुरू झाली की.

साक्ष म्हणजे आपण आधी कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं, ते चारचौघांत सांगायचं. पप्पांच्या साक्षीत माझी आई असते. "मी दारुडा होतो! बायकोला गुरासारखं मारायचो! एकदा असा हात उचलला की बिचारीचा कान फुटला, ऐकू येईनासं झालं!" इथे ते जरा थांबतात. मग आवाज चढतो. "मी गुडघे टेकले. प्रभूने मला क्षमा केली. आणि आज, बंधूंनो, भगिनींनो, माझ्या पत्नीला त्या कानाने ऐकू येतं! हालेलूया!"

येत नाही. डाव्या कानाने तिला ढिम्म ऐकू येत नाही. चहा गार होता म्हणून पप्पांनी मारलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. कानातून आलेलं रक्त तिने पदराने पुसलं आणि आधी चहा पुन्हा गरम केला. डॉक्टरांकडे गेलो तोवर आठवडा उलटला होता. पडदा फाटलाय, आत पू झालाय, आता हा कान गेला, असं त्यांनी सांगितलं. याला अकरा वर्षं झाली.

त्यातली शेवटची सात वर्षं पप्पा सुधारलेले आहेत. दारू सुटली, हात उचलणं सुटलं, हे मी नाकारत नाही. सुरुवातीला त्यांची साक्ष क्षमेवरच थांबायची. साक्षीतला कान बरा झाला तो दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या एकाचा गुडघा बरा झाला त्यानंतर. मी तेव्हाच विचारलं होतं, "पप्पा, हे कशावरून?"

"मी रोज प्रार्थना केली," ते म्हणाले, "आणि हल्ली हाक मारली की ती ओ देते."

अहो, ओ ती आधीही देत होती. दुसरा कान धडधाकट आहे तिचा.

आमचं कपडे दुरुस्तीचं दुकान त्याच चौकात आहे, थांब्याच्या बरोबर समोर. आई आणि मी चालवतो. चेन बदलणं, पॅन्ट वर घेणं, आतून शिवण सोडून कपडे ढिले करणं. गिऱ्हाइकाचं बोलणं तिला कळावं म्हणून तिचं मशीन आम्ही असं लावलंय की काउंटर तिच्या उजव्या हाताला येतो. माझं मशीन डावीकडे. मला काही सांगायचं असलं की मी उठून पलीकडे जाते. पप्पा शेकडो वेळा दुकानात आले, पण हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. दर शनिवारी आई मान खाली घालून दुसऱ्याच्या पॅन्टला चेन लावते आणि उजव्या कानाने स्वतःचा चमत्कार ऐकते.

एकदा एक बाई मुलाची पॅन्ट घेऊन आल्या आणि काउंटरला वळसा घालून आईच्या डाव्या बाजूला येऊन कानाशी हळूच म्हणाल्या, "चमत्कार ऐकला हो तुमचा! अंगावर काटा आला."

आई वर बघून म्हणाली, "किती इंच वर घेऊ?"

मी हसले खरी, पण नंतर मागच्या खोलीत जाऊन दात-ओठ खात बसले.

आणि मग या महिन्यात पप्पांनी कहर केला. गुरुवारी जेवताना आईला म्हणाले, "शनिवारी मोठे पास्टर येतायत. साक्षीला साक्षीदार हवा म्हणतात. तू माझ्याजवळ उभं राहायचं. मी कानात एक शब्द बोलेन, तो तू माईकवर सांगायचा. झालं."

"आई कुठेही उभी राहणार नाही!" मी ताट सरकवलं. "तिला नाटकात घेऊ नका!"

"तू गप्प बस," आई म्हणाली. मला म्हणाली, त्यांना नाही. "कान माझा आहे."

भांडी घासताना मी पुन्हा तिच्या मागे लागले. सरळ नाही म्हण, म्हटलं. तिने बराच वेळ एकच पातेलं घासलं.

"नाही म्हटलं तर त्यांची अख्ख्या मंडळीत नाचक्की होईल. आणि हो म्हटलं तर देवाचं नाव घेऊन मी भर चौकात खोटं बोलणार. रोज ज्याच्यापुढे गुडघे टेकते, त्याच्या नावाने." तिने पातेलं उपडं घातलं. "त्यांनी क्षमा देवाकडे मागितली गं. मार मी खाल्ला होता. मला एकदा तरी विचारायचं!"

तिचा आवाज चढलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

शनिवारी चौकात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. निम्मी मंडळीतली, निम्मी बस चुकलेली. मोठे पास्टर कडक इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसले होते. आई दुकानातून तशीच आली, गळ्यात मोजपट्टी. मी तिच्या डाव्या बाजूला चिकटून उभी राहिले. तिने खोटं बोलायच्या आत तिला ओढून न्यायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवलं होतं.

पप्पांनी साक्ष दिली. मारलं, कान फुटला, गुडघे टेकले, सगळं जसंच्या तसं. मग म्हणाले, "आता तुम्हीच बघा!" माईक माझ्या हातात कोंबला आणि आईजवळ आले. आणि तिच्या उजवीकडे वळले. उजव्या कानाशी वाकले, हाताचा आडोसा केला आणि काहीतरी पुटपुटले.

मी बघतच राहिले. या माणसाला आपण कुठला कान फोडला तेच माहीत नव्हतं! सात वर्षं गावभर सांगत फिरतोय, आणि कुठला ते माहीत नाही!

आता आईची सुटका होती. ऐकू आलं म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. पप्पा हसऱ्या चेहऱ्याने बघत होते. आईने माझ्या हातातून माईक घेतला.

"आनंद," ती म्हणाली. "आनंद हा शब्द बोलले. मला स्पष्ट ऐकू आला."

"हालेलूया!" टाळ्या पडल्या. पास्टर खुर्चीतून उठले.

"थांबा," आई म्हणाली. "हा माझा चांगला कान आहे. हा कधी गेलाच नव्हता. गेला तो हा." तिने डाव्या कानाला हात लावला. "अहो, तुम्ही उजव्या हाताने मारायचात. उजव्या हाताची थप्पड समोरच्याच्या डाव्या कानावरच बसते. एवढंही तुम्ही कधी आठवून पाहिलं नाही?"

टाळ्या विरल्या. कुणीतरी फिसकन हसलं. पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईने माईक ओढून घेतला, "बंधूंनो, प्रभू सर्वांना क्षमा..." आईने वाकून स्पीकरचं बटण बंद केलं. पप्पांचे ओठ हलत राहिले आणि आवाज दोन फुटांवर विरला.

"बंधूंना नको," आई म्हणाली. "मला सांगा."

बस आली, निम्मी गर्दी तिच्यात चढली. पास्टरांनी घड्याळ बघितलं. मग पप्पा आईच्या डाव्या बाजूला, माझ्या अगदी पुढ्यात आले. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करतात ना, तसा त्यांनी तळहात क्षणभर त्या मेलेल्या कानावर ठेवला, खाली वाकले आणि त्या कानातच बोलले. आवाज फुटत नव्हता, पण मी वीतभर अंतरावर होते.

"माझं चुकलं. मला माफ कर."

मग ते बाजूला झाले आणि स्पीकरची वायर गुंडाळू लागले. त्यांचे डोळे गळत होते.

आई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की माझ्याच्याने बघवेना. "काय म्हणाले गं?"

मला तो रक्त पुसलेला पदर दिसला. त्या चौदा वर्षांच्या मुलीचा सगळा संताप माझ्या तोंडात आला. एवढ्या स्वस्तात? कुजबुजून, त्याच कानात, आणि तेही मी पोचवायचं?

"काही नाही," मी म्हटलं. "प्रार्थना करत होते."

तिने मान हलवली आणि दुकानाकडे चालू लागली. पप्पा वाट बघत तिच्या पाठीकडे बघत होते. मी तिला सांगितलंच असेल, आता ती वळून बघेल, असं त्यांना वाटत असावं. ती वळली नाही.

याला तीन आठवडे झाले. पप्पा आता चौकात जात नाहीत. आईने आपल्याला माफ केलं नाही, असं समजून घरात मान खाली घालून वावरतात. आई समजते, त्यांनी मागितलीच नाही. दोघांच्या मध्ये मी जेवायला बसते आणि दोघांना वाढते. पश्चात्ताप म्हणाल, तर मला अजून झालेला नाही.