न आलेली कार्डं

विबेकेला फक्त एक फोटो हवा होता.

गुरुवारी कोपनहेगनला, मंत्रालयात तिचं भाषण होतं. त्यातलं पहिलं चित्र तरी जुनं, माणसांच्या हातचं असावं, असा तिच्या वरिष्ठाचा, टोर्बनचा आग्रह. "नुसते आलेख दाखवलेस तर कॉफी संपायच्या आत लोक पेंगायला लागतील," असं तो म्हणाला होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून सोमवारी पहाटेच रोस्किल्डहून निघून, चार तास गाडी हाकत, ती युटलंडच्या पार पश्चिम टोकाला आली आणि रिग्मोर टॉफ्टच्या स्वयंपाकघरात बसली.

रिग्मोर चौऱ्याऐंशी वर्षांची. जन्मभर गावच्या शाळेत गणित शिकवलेलं. त्यामुळे समोर मंत्री असो की पाववाला, तो पाढे विसरलाय असं धरूनच ती बोलायची. घरामागे तिची पवनचक्की होती. तिच्या नवऱ्याने, आक्सलने, गावच्या लोहाराला हाताशी धरून ती चाळीस वर्षांपूर्वी उभी केलेली. आक्सल गेला, लोहार गेला, चक्की अजून घरघरत होती.

"तू ती विद्यापीठवाली. बस," रिग्मोर म्हणाली. "केक घे. रुबार्बचे देठ आंबट आहेत आणि साखर मी कमीच घालते. तक्रार चालणार नाही."

विबेकेने मुकाट्याने केक घेतला. कोणतं स्वच्छ ऊर्जेचं यंत्र सरकारने कधी उचलून धरावं आणि किती वर्षं, याचा अभ्यास हा तिचा धंदा. पवनचक्क्यांचा इतिहास तिला तोंडपाठ होता. वर्षागणिक चक्क्या मोठ्या होत गेल्या आणि बिघाड घटत गेले, याची तिने काढलेली आलेखाची रेघ तीन देशांतल्या पाठ्यपुस्तकांत होती. ही किमया कशाने झाली, यावर ती वीस वर्षं शिकवत होती: करसवलत, कायदा, चाचणीचे नियम. यातल्या कशातही रुबार्बचा केक नव्हता.

गुरुवारचा विषय वेगळा होता. उन्हाळ्यात उन्हाने तापवलेलं पाणी फुटबॉलच्या मैदानाएवढ्या तळ्यात साठवायचं, वर तरंगतं झाकण घालायचं आणि हिवाळ्यात तेच पाणी नळांवाटे घरोघरी फिरवायचं. अशी चौदा तळी देशात झाली होती. आणखी तेवीस गावांना परवानगी द्यायची की नाही, ते गुरुवारी ठरायचं होतं आणि ठरणार होतं विबेकेच्या अहवालावर. झाकण वीस वर्षं टिकतं, असं अहवालात ठामपणे लिहिलं होतं. सगळा हिशेब त्या वीस वर्षांवर उभा होता. तिची होऊ घातलेली प्राध्यापकीही, खरं सांगायचं तर.

"फोटो कशाचा हवाय?" रिग्मोरने विचारलं.

"जुन्या कार्डांचा. एखाददुसरं पुरे."

रिग्मोरने शेजारच्या खोलीचं दार ढकललं. विबेके उंबऱ्यातच थांबली. जमिनीपासून छतापर्यंत बुटांची खोकी रचलेली होती, प्रत्येकावर महिना आणि वर्ष. सव्वीस वर्षांची. दर महिन्याच्या एक तारखेला देशभरातला प्रत्येक चक्कीवाला रिग्मोरला एक कार्ड धाडायचा: किती युनिट वीज झाली, किती दिवस चक्की बंद होती, का बंद होती. रिग्मोर त्याची यादी करायची आणि ती यादी चक्कीवाल्यांच्या मासिकात छापून यायची. मालकाच्या नावासकट, गावासकट, चक्की कोणत्या कारखान्याची त्याच्यासकट.

विबेकेने एक खोकं मांडीवर घेतलं. यादी तिने पाहिली होती, आकडे तिथूनच उचलले होते. कार्डं मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होती.

"बारा दिवस बंद. तेल घालायला विसरलो. चूक माझीच आहे, यंत्राला बोल लावू नये. क्नुड."

"नऊ दिवस बंद. वादळात ब्रेक लागला नाही, चक्की बेभान सुटली. आम्ही पाचही जण गोठ्यात लपून बसलो. हे छापू नका असं कारखान्याचा माणूस सांगून गेला आहे, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिते आहे. इंगेबोर्ग."

"दोन दिवस बंद. माझं प्रवचन चालू असताना घरघर थांबली, म्हणून प्रवचन आवरतं घेऊन पाहायला धावलो. मंडळींनी गिअरबॉक्सचे आभार मानले आहेत. पाद्री हाल्ड."

आधी ती हसली. मग हसू थांबलं आणि ती वाचतच राहिली. शेतकरी, पाद्री, सुईण, दोन भाऊ जे एकमेकांशी बोलत नव्हते आणि एकाच चक्कीची दोन कार्डं पाठवत होते. कुणी त्यांना भाग पाडलं नव्हतं. वेंधळेपणा, भित्रेपणा, हातून झालेली मोडतोड, सगळं ही माणसं स्वतःच्या नावाने देशभर छापून आणत होती, दर महिन्याला, सव्वीस वर्षं. विबेकेच्या अंगावर काटा आला. तिची ती पाठ्यपुस्तकातली रेघ या माणसांनी एकेका चुकीच्या कबुलीने पुढे सरकवली होती, आणि तिने वीस वर्षांत त्यातल्या एकाचंही नाव घेतलं नव्हतं.

"लाज नाही वाटायची त्यांना?" तिने विचारलं.

"वाटायची तर! आक्सललाच विचारायला हवं होतंस." रिग्मोरने एक खोकं नेमकं ओढून काढलं. "पंच्याऐंशीचा नोव्हेंबर. आमच्या चक्कीचं पातं निखळलं आणि शेजाऱ्याच्या डुकरांच्या गोठ्याचं छप्पर फोडून आत पडलं. आक्सल म्हणाला, या महिन्यात राहू दे गं, लोक हसतील. मी म्हटलं, ठीक आहे, यादी तू कर आणि जेवणही तूच कर. मग काय, लिहिलंन मुकाट्याने. यादीत सगळ्यात वर छापलं मी."

"मग?"

"हसले लोक. आणि हसता हसता छत्तीस जणांनी शिड्या लावून आपापले बोल्ट उघडून पाहिले. त्यातल्या अकरा जणांचे चिरले होते. एक चक्की शाळेच्या पटांगणाला लागून होती, पोरी."

आक्सलचं कार्ड विबेकेने दोन्ही हातांत धरलं होतं. अक्षर वाकडंतिकडं होतं आणि 'डुक्कर' शब्दावर शाई फुटली होती. देवळात उभं राहिल्यावर वाटतं तसं काहीतरी तिला वाटलं, आणि तिने ते वाटू दिलं.

मग तिला रिग्मोरच्या यादीच्या वहीतल्या लाल खुणा दिसल्या.

"हे काय?"

"ती न आलेली कार्डं. कार्ड आलं नाही म्हणजे चक्की बंद."

"बंद कशावरून? टपालात गहाळ झालं असेल, माणूस विसरला असेल."

"अगं, ज्याची चक्की फिरते तो गप्प बसेल होय? तो तर बढाया मारायला टपलेला असतो. गप्प बसतो तो बंदवाला. म्हणून पाच तारीख उजाडली की मी फोन लावायचे. एकच विचारायचं: काय, फिरतेय का? मग पलीकडून सुस्कारा यायचा आणि खरं काय ते बाहेर पडायचं."

विबेकेने आक्सलचं कार्ड खोक्यात परत ठेवलं.

"रिग्मोर, माझ्या तक्त्यात चौदा तळी आहेत. त्यातल्या तीन तळ्यांकडून फॉर्मची उत्तरंच आली नव्हती."

"मग?"

"त्यांचे रकाने रिकामे ठेवले. रिकामं म्हणजे बिघाडाची नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणजे..."

"बिघाड नाही," रिग्मोरने वाक्य पुरं केलं. तिने कप खाली ठेवला. "तुला गणित कोणी शिकवलं गं?"

रिग्मोरने खिडकीकडे बोट दाखवलं. "तिथे उभी राहा. मोबाइलला रेंज तिथेच येते."

पहिला फोन हार्नबूच्या तळ्याला लागला. तिथला एगॉन खुशीत होता. "झाकण? ते गेल्याच्या गेल्या मार्चमध्ये फाटलं की. सातव्या वर्षी. तळं रिकामं केलंय, दोन हिवाळे गॅस जाळतोय."

"मग कळवलं का नाहीस?"

"तुमच्या फॉर्मवर विचारलं होतं, यंदा किती उष्णता दिली. दिलीच नाही तर लिहू काय? ठेवला फॉर्म तसाच."

दुसऱ्या तळ्याचं झाकण आठ वर्षांत गेलं होतं. तिसऱ्याचं आत्ता, या क्षणी क्रेनने उचलत होते. वीस वर्षं! विबेके खिडकीला टेकून उभी राहिली. तेवीस गावं तिच्या शब्दावर झाकण घालणार होती, आणि सात-आठ हिवाळ्यांनी एकेक करून थंड पडणार होती.

तिने टोर्बनला फोन लावला. तिन्ही झाकणांचं सगळं सांगितलं.

"गुरुवार होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग शांतपणे दुरुस्ती छापू. तळटीप टाकू. आत्ता बोललीस तर विरोधकांना आयतं कोलीत मिळेल, विबेके. सगळी योजनाच बुडेल. आणि तुझ्या नेमणुकीचं काय, ते मी तुला सांगायला हवं का?"

"नको," विबेके म्हणाली आणि फोन ठेवला.

तो वाईट माणूस नव्हता. म्हणत होता ते बरोबरही असेल, आणि त्याचीच तिला भीती वाटली. ती बाहेर आली. चक्कीच्या खांबावर तिने हात ठेवला, तर तो आतून थरथरत होता. दूर समुद्रात नव्या चक्क्यांची रांग उभी होती, एकेक अशी की आक्सलच्या शंभर चक्क्यांचं काम एकटीने करील. इतकी वर्षं ती त्यांच्याकडे बघत आली होती आणि दर वेळी तिला अभियंत्यांचं कौतुक वाटलं होतं. आज तिला तिथे क्नुड दिसला, तेल घालायला विसरलेला. गोठ्यात लपलेली पाच माणसं दिसली. इतकी थोर गोष्ट इतक्या साध्या माणसांनी, इतक्या साध्या रीतीने केली, या विचाराने तिचे डोळे भरून आले, आणि वारा होता म्हणून तिने ते पुसलेही नाहीत.

ती आत आली तेव्हा रिग्मोरने वहीचं कोरं पान उघडलं होतं.

"नाव विबेके डाल, गाव रोस्किल्ड," ती लिहिता लिहिता म्हणाली. "किती दिवस बंद?"

"चार महिने. अहवाल छापला तेव्हापासून."

"कारण?"

"फोन केला नाही."

"चूक कोणाची?"

"माझीच."

"दुरुस्ती कधी?"

बाहेर चक्कीची घरघर चालूच होती. "गुरुवारी," विबेके म्हणाली.

रिग्मोरने ते लिहून घेतलं आणि वही मिटली. "कार्ड आलं नाही तर मी काय करते, ते तुला ठाऊक आहे."

गुरुवारी सभागृह भरलं होतं. विबेकेने इंगेबोर्गचं मोठ्या अक्षरांतलं कार्ड दाखवलं, लोक हसले. त्यानंतर तिने आपला तक्ता लावला, तीन रिकाम्या रकान्यांभोवती लाल गोल काढलेला. सगळं सांगितलं, एकही आडवळण न घेता. हसू विरलं. टोर्बन बुटांकडे बघत होता.

"म्हणजे तळी बांधूच नयेत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बांधावीत. आधी पाचच, वेगळ्या झाकणाची. आणि प्रत्येक तळ्याने दर महिन्याला, नावानिशी, काय बिघडलं ते छापावं. जो गप्प बसेल त्याला कुणीतरी फोन करावा."

"हे धोरण आहे?" पुढच्या रांगेतला एकजण फिसकन हसला.

तेवढ्यात मागे एक थोराड बाई उठून उभी राहिली. तिने आपल्या गावाच्या सहकारी संस्थेचं नाव सांगितलं. "तुमच्या तक्त्यात आम्ही 'उत्तम' आहोत. आहोतही. पण परवा झाकणाच्या कोपऱ्यात पाणी दिसलंय. मी अजून कुणाला बोलले नव्हते. लिहून घ्या." ती बसते न बसते तोच भिंतीलगतचा एक म्हातारा उठला. मग आणखी एक. पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघायला लागला. विबेके लिहून घेत होती, नावासकट, गावासकट.

निर्णय पुढे ढकलला गेला. दुपारच्या बातम्यांत तिचं नाव होतं आणि चांगल्या कारणासाठी नव्हतं. टोर्बन तिला न भेटताच निघून गेला. प्राध्यापकी गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पाच वाजता ती मंत्रालयाच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. पिशवीत रिग्मोरने दिलेलं कोरं कार्ड होतं, तिकिटासकट. लिहायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

फोन वाजला. पलीकडे आधी लांबून घरघर ऐकू आली, मग तो मास्तरणीचा आवाज.

"काय, फिरतेय का?"

विबेकेने तोंडावर हात धरला. रिग्मोर थांबली होती, तिला थांबायची सवय होती.

"फिरतेय, रिग्मोर," विबेके म्हणाली. "आत्ताच सुरू झाली."