अ‍ॅडमिन

करिष्मा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. तिचा नवरा प्रमोद दवाखान्याच्या बाकावर बसला आणि खिशातला तिचा फोन वाजला. तिच्या शिवणक्लासच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. वस्तीमागच्या नाल्यात एक टँकर काहीतरी काळं ओतत होता. प्रमोदने तो स्वतःच्या फोनवर घेतला आणि उल्हासनगरला अल्पेशला पाठवला. अल्पेश बातम्यांचं पोर्टल चालवायचा. मग प्रमोदने भावाला फोन करून करिष्माचं सांगितलं. आधी काय केलं आणि नंतर काय, हे पुढे त्याच्या डोक्यातून जाईना.

बावीस वर्षं तो बदलापुरात बातमीदारी करत होता. पूर्वी बातमीसाठी पोलीस ठाण्यात, चहाच्या टपरीवर बसावं लागे. आता सगळं ग्रुपवर. त्याच्या फोनमध्ये असे शंभरावर ग्रुप होते, पण हा नव्हता. हा बायकांचा होता. करिष्मा कात्रपच्या घरून जांभूळच्या पुढे एका वस्तीत शिवण शिकवायला जायची. आजारपणात क्लास सुटला, ग्रुप राहिला.

चौथ्या दिवशी त्यावर सगुणाबाईने विचारलं, "ताई, तब्येत कशी हाय?"

खरं सांगितलं असतं तर ग्रुप गप्प झाला असता. प्रमोदने करिष्माच्या फोनवरून लिहिलं, "बरी आहे."

तीन महिन्यांत तिथून पाच बातम्या निघाल्या.

"दादा, सोर्स एकदम कडक आहे तुमचा. कोण आहे?" अल्पेशने विचारलं.

"घरचंच माणूस."

"मग जपा त्याला. व्ह्यूज बघितले ना? और एक भेजो."

पुढची बातमी सगुणाबाईच्या आवाजातली होती. टँकर कुठल्या कारखान्याचा, ड्रायव्हर कोण, सगळं तिने ग्रुपवर बोलून टाकलं होतं. प्रमोदने अल्पेशला बजावलं होतं, आवाज बदल. तो विसरला. वस्तीतले निम्मे पुरुष त्याच कारखान्यात होते. सोमवारी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं.

ग्रुपवर कौसाबाई कडाडली, "सगुणे, आमच्या चुली इझवल्यास गं! पेपरवाल्याला तूच दिलास ना आवाज?"

"पोरांची शपथ, मावशी. मी फकस्त हितं बोलले, आपल्या बायकांत."

"हितं कोन हाय पेपरवाला? मग काय भुतानं नेला?"

कौसाबाईच पुढे म्हणाली, "करिष्माताई, अ‍ॅडमिन तुमी. काढा हिला."

पाठोपाठ कौसाबाईचा फोन आला. प्रमोदने तो वाजू दिला. कुणाच्या आवाजात बोलणार? फोन थांबल्यावर सगुणाबाईचा वेगळा मेसेज आला, "ताई, तुमी तरी सांगा त्यांना. तुमच्यावर समद्यांचा इश्वास हाय."

त्याने ग्रुप उघडून लिहिलं, "करिष्मा तीन महिन्यांपूर्वी वारली. मी तिचा नवरा. आवाज मी दिला." पण पाठवलं असतं तर ते करिष्माच्या नावाने, तिच्या फोटोखाली दिसलं असतं. आणि त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत अंबरनाथपर्यंत फिरला असता. मग त्याला बातमी कोण देणार? त्याने एकेक अक्षर पुसलं.

सगुणाबाईला त्याने काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच ग्रुप सोडला.

गावातल्या प्रत्येकाच्या निधनाची बातमी प्रमोद तासाभरात टाकतो. करिष्माची त्या ग्रुपवर टाकायची अजून राहिली आहे.