स्टकीसाहेब जेवत नाहीत

तीस वर्षं मी शाळेच्या खानावळीत रांधलं. रोज चारशे दहा पोरं. त्यातलं एकही माझ्या वाढपाच्या खिडकीसमोरून उपाशी गेलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. कोण वाटाणे बाजूला सारतं, कुणाला रात्री घरी धड काही मिळत नाही, हे मला त्यांच्या शिक्षकांच्या आधी कळायचं. निवृत्त झाले तेव्हा शाळेने माझं नाव कोरलेली पळी दिली. ती शेगडीच्या वर टांगली आहे, आणि आल्यागेल्याला ती दिसावी अशीच टांगली आहे.

म्हणून दोन हात लांबीच्या एका अजगराने माझ्या हातचं खायचं नाकारलं, तेव्हा ते मला फार झोंबलं.

अजगर घ्यायला मी गेलेच नव्हते. गेले होते रजयांच्या प्रदर्शनाला. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये शिरले तर रजया पुढच्या शनिवारी, आणि त्या दिवशी सगळीकडे साप. तेही प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यांत. आम्ही कोबीची कोशिंबीर भरून द्यायचो ना, तेच डबे, फक्त झाकणाला भोकं. एका डब्यात तपकिरी रंगाचा एक जण अंगाचा चेंडू करून, तोंड आत खुपसून बसला होता. जिवंत प्राणी कोशिंबिरीच्या डब्यात ठेवतात, याचा मला राग आला आणि रागाच्या भरात मी तो विकत घेतला. विकणारा प्रूइट नावाचा चाळिशीचा माणूस होता, एरवी नळदुरुस्ती करणारा. तो हसू दाबत म्हणाला, "डबा फक्त आजच्यापुरता असतो, मॅडम." मग मला दिवा, तापमापक, लपायची खोकी, सगळं समजावून दिलं. मी अर्धं ऐकलं. खायला घालणं मला कुणी शिकवावं, असं मला वाटलं नाही.

घरी आणून त्याचं नाव ठेवलं स्टकीसाहेब. स्टकीसाहेब आमचे मुख्याध्यापक. तसंच रुंद कपाळ, तसेच कशाचंच नवल नसलेले डोळे. बावीस वर्षं ते घरून डबा आणायचे, माझ्या ताटाला त्यांनी एकदाही हात लावला नाही.

"नावच असलं ठेवलंस," माझी धाकटी बहीण वेल्मा म्हणाली, "तो कसला जेवतोय."

मी काही कमी केलं नाही. मोठ्यात मोठी काचेची पेटी आणली. चारी बाजूंनी उजेड येईल अशी स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या मधोमध ठेवली. फ्रीझरमधला उंदीर कोमट पाण्यात वितळवायचा, तापमापक लावून गरम झाला की नाही बघायचं, चिमट्यात धरून त्याच्या नाकापुढे हलवायचा. एक दिवस आड. तो मान मागे घ्यायचा. मी खुर्ची ओढून समोर बसायची. "एक घास, राजा. एकच." मग उंदीर लहान आणला. मग मोठा. मग त्यालाच बाहेर काढून मांडीवर घेतलं, थोपटलं. तो चेंडू होऊन बसला.

सात आठवडे असे गेले. आणला तेव्हा तीनशे पन्नास ग्रॅम भरला होता. केकचं पीठ मोजायच्या काट्यावर मी दर रविवारी त्याला ठेवायची. तीनशे चाळीस. तीनशे एकतीस. तीनशे अठरा. प्रूइटने बजावलं होतं, तीनशे पंधराच्या खाली गेला तर वाट बघू नका, परत आणून द्या.

"दे की परत," वेल्मा म्हणाली. "साप आहे तो. शाळा तपासायला आलेला साहेब नाही."

परत देणं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं. माझ्या घरातून कुणीतरी उपाशी गेलं, असा त्याचा अर्थ होता. त्या रविवारी मी शेगडीजवळ उभी राहून रडले आणि मग प्रूइटला फोन लावला.

"पेटी कुठे ठेवलीय?" त्याने विचारलं.

"टेबलावर. जेवायची जागा तीच."

"आणि खायला देता तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"समोर. आणखी कुठे?"

"किती वेळ?"

"तो खाईपर्यंत. म्हणजे, खात नाहीच."

"मॅडम, मी तुम्हाला हॉलमध्येच ओळखलं होतं. चौथीत असताना तुमच्याच खिडकीसमोरून जायचो. वाटाणे संपेपर्यंत तुम्ही माझ्या टेबलाशी उभ्या राहायचात."

"आणि संपवायचास ना?"

"मोज्यात भरायचो. वर्षभर."

मी पळीकडे पाहिलं. असे आणखी किती मोजे असतील, हेच डोक्यात आलं.

"चिडू नका," तो म्हणाला. "पेटीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावा. अंग दोन्हीकडून टेकेल एवढंसं खोकं द्या. पेटी माणसं नसतात अशा खोलीत न्या. आठ दिवस हात लावू नका, डोकावू नका. मग उंदीर ठेवा आणि बाहेर जा. खरंच बाहेर जा, दाराआड उभ्या राहू नका."

दाराआड उभं राहायचं मी ठरवलंच होतं, हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

तसं खोकं मिळून पेटी मागच्या खोलीत न्यायला गुरुवार उजाडला. तेव्हापासून आठ दिवस मी त्या खोलीत फक्त पाणी बदलायला गेले, तेही खाली मान घालून. आयुष्यात एवढं अवघड काम मी केलं नाही. नवव्या दिवशी, शुक्रवारी, उंदीर गरम करून खोक्याच्या तोंडाशी ठेवला, दार लावलं आणि मागच्या पायरीवर कोट घालून बसले. तासभर. बोटं गारठली.

आत गेले तर उंदीर नव्हता. खोक्याच्या तोंडातून रुंद कपाळ बाहेर आलं होतं आणि जीभ हलत होती, आणि त्याच्या अंगाच्या मध्यावर चांगला ठसठशीत फुगवटा होता.

वेल्माला लगेच फोन केला. "आत्ता येते बघायला," ती म्हणाली.

"नाही. खाल्ल्यावर दोन दिवस हलवायचं नसतं. रविवारी ये," मी म्हणाले. आणि स्वतःचाच मला अभिमान वाटला.

रविवारी प्रूइटलाही बोलावलं. त्याच्यासमोर काटा लावला. तीनशे त्रेचाळीस. "झकास," तो म्हणाला. मुख्याध्यापकांच्या हातून बक्षीस घेतलं असतं तरी मी एवढी फुलले नसते.

मग प्रूइटला टेबलाशी बसवलं. भाजलेलं मांस, कुस्करलेले बटाटे आणि मधोमध वाडगाभर वाटाणे, लोण्यात परतलेले. तो वाटाण्यांकडे बघून हसला. मी माझा आणि वेल्माचा कॉफीचा कप उचलला आणि तिला दंडाला धरून मागच्या पायरीवर नेलं.

"अगं, पाहुण्याला एकटा टाकून?" वेल्मा म्हणाली.

"जेवतोय तो. जेवू दे."

अर्ध्या तासाने आत गेलो, तर वाडगा रिकामा होता. त्याच्या मोज्यांकडे मी पाहिलं नाही.