चाचणीची आवृत्ती

"पेनड्राइव्ह खिशात ठेव, हमजा. मशीनला लावू नको."

"लावलाच न्हाई काका. नुसता हातात हाय."

"टोपण काढल्याचा आवाज आला मला."

हमजा हसला आणि त्याने टोपण पुन्हा बसवले. आनंदराज सोनकांबळे जन्मांध होते आणि नांदेडच्या या ध्वनिवाचनालयाचे चौदा वर्षांपासूनचे ग्रंथपाल होते. दोन खोल्या, एक जुना संगणक, भिंतीलगत बाक, आणि साडेसहाशे ध्वनिमुद्रित पुस्तके. जिल्ह्यातले अंध सभासद इथे येऊन पाळीपाळीने पुस्तके ऐकत.

देगलूर नाक्याजवळ संगणकदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या हमजाने दोन वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्या यंत्रावर लिनक्स ही हलकी कार्यप्रणाली घातली होती, कारण दुसरे काहीच त्याला पेलत नव्हते. त्यावर मीडिया सेंटरचे सॉफ्टवेअर बसवले, म्हणजे टीव्हीसारखा रिमोट दाबून पुस्तक निवडता येई. त्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या होत्या. एक स्टेबल, म्हणजे स्थिर; ती कधीच बंद पडत नसे. पण तिची यादी फक्त पडद्यावर दिसे. दुसरी बीटा, अजून चाचणीतली. दिवसातून एकदोनदा अडकायची; पण रिमोटने ज्या नावावर जाल ते नाव ती इअरफोनमध्ये मराठीत सांगायची. गेले सात महिने वाचनालयात बीटा चालत होती.

आज दुपारी तीनला लातूरहून तपासणी अधिकारी येणार होते. वाचनालयाची मान्यता पुढे चालू राहणे त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होते. संस्थेचे सचिव नरसिंगराव यांनी हमजाला सकाळीच सांगून ठेवले होते, की स्टेबल टाक. आणि पहिल्या तारखेपासून रिमोट दाबायला एक डोळस माणूस बसवू.

"दोन तासांचा सवाल हाय, काका," हमजा म्हणाला. "साहेब गेले की मी पुन्हा बीटा टाकून देतो. कुणाला पत्तासुद्धा लागत न्हाई."

"साहेब कागदावर लिहून जातील, की डोळस माणूस लागतो. मग तो माणूस येईल. एकदा बसला की उठायचा नाही."

"आन् साहेबासमोर अडकलं तर?"

"अडकलं तर पुन्हा चालू करू. तूच शिकवलंस ना आम्हाला?"

हमजाने पेनड्राइव्ह खिशात टाकला. काय बोलणे चालले आहे ते बाकावर बसलेल्या चतुराबाई ऐकत होत्या. त्या भोकरला खुर्च्या विणत आणि दर मंगळवारी बसने येत. त्यांच्यासमोर आनंदराज आता कधीही मोठ्याने बोलत नसत. त्याला कारण होते.

बीटा येण्यापूर्वी सभासदाने हवे ते पुस्तक आनंदराजांना सांगायचे, आनंदराजांनी तेव्हाच्या डोळस शिपायाला, आणि शिपायाने ते लावायचे. पुस्तक सुरू होताना आनंदराज सभासदाचे नाव आणि पुस्तकाचे शीर्षक खणखणीत आवाजात पुकारत. आपले पुस्तक लागले हे न दिसणाऱ्याला कळावे, म्हणून ही त्यांनीच पाडलेली पद्धत. तिचा त्यांना अभिमान होता. एका मंगळवारी चतुराबाईंनी त्यांच्या कानाशी येऊन एका पुस्तकाचे नाव सांगितले, आणि सवयीने त्यांनी पुकारले, "चतुराबाई, भोकर! स्त्रियांचे गुप्त आजार, भाग पहिला!"

बाकावर कोणीतरी फिसकन हसले. चतुराबाईंची काठी दरवाजाकडे गेलेली आनंदराजांनी ऐकली. त्यानंतर चार महिने त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा मागत ती पुस्तके भजनांची असत. त्यांचे दुखणे काय होते, ते बरे झाले की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपण गमावला आहे, असे आनंदराजांना वाटत राहिले. ज्या दिवशी हमजाने बीटा बसवली, त्या दिवशी चतुराबाईंनी रिमोट हातात घेतला आणि कोणालाही नाव न सांगता त्या तासभर ऐकत बसल्या.

तीनच्या सुमारास नरसिंगराव आले. आल्या आल्या त्यांनी हमजाला विचारले, "झालं का रे?"

"काकांनी हात लावू दिला न्हाई."

"आनंदराज, आज वाकड्यात शिरू नका बरं. वाचनालय ऱ्हायलं तर तुमचं सगळं ऱ्हाईल."

"वाचनालय कुणासाठी राहायचं आहे, नरसिंगराव?"

"आता तुम्ही मला शिकवून राहिले का? डोळस माणूस ठिवला तर तुमचीच सोय हाय की."

"चौदा वर्षं झाली ती सोय. आता नको."

नरसिंगराव आणखी काही बोलणार, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

अधिकारी सभ्य होते. त्यांनी दप्तर पाहिले, पुस्तके मोजली आणि यंत्र चालवून दाखवायला सांगितले. पाळी चतुराबाईंची होती. त्यांनी इअरफोन लावले, रिमोट दाबला. चार नावे पुढे गेल्या, दोन मागे आल्या आणि थांबल्या. पडदा काळा झाला.

"अडकलं वाटतं," अधिकारी म्हणाले. "द्या बाई, मी बघतो."

"ऱ्हाऊ द्या साहेब. हात नका लावू."

चतुराबाईंनी टेबलाखाली हात घातला, बटण चाचपले आणि ते दाबून धरून दहापर्यंत आकडे मोजले. सोडले, पुन्हा दाबले. पाऊण मिनिट खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. नरसिंगराव दोनदा खाकरले. मग चतुराबाईंनी मान हलवली. त्यांच्या कानात यादी पुन्हा बोलू लागली होती.

"काय ऐकताय?" अधिकाऱ्यांनी आपुलकीने विचारले.

"ते मला ठावं आन् मशीनला."

हमजाला हसू आवरले नाही. अधिकारीही हसले, पण शेरेबुक पुढे ओढून त्यांनी लिहायचे तेच लिहिले. आनंदराजांनी हमजाला ते वाचायला सांगितले.

"'यंत्रणा चाचणी अवस्थेतील असून अस्थिर आहे,'" हमजा अडखळत वाचू लागला. "'स्थिर आवृत्ती बसवून डोळस मदतनीस नेमावा. तोपर्यंत मान्यतेची शिफारस करता येत नाही.'"

"झालं समाधान?" नरसिंगराव पुटपुटले.

"माझा अभिप्राय लिहायचा आहे," आनंदराज म्हणाले. "ग्रंथपालाला तशी मुभा आहे ना, साहेब?"

"आहे. सांगा, मी लिहून घेतो."

"नको. मी लिहितो."

त्यांनी खणातून ब्रेलची पाटी काढली, शेऱ्याखालच्या कोऱ्या जागेवर ती चिमट्यासारखी बसवली आणि टिंबे पानामागे उठतात म्हणून टोचणीने उजवीकडून डावीकडे लिहायला सुरुवात केली. टक, टक, टक. कोणी घाई केली नाही. ही यंत्रणा सभासदांनी निवडली आहे, ती वारंवार अडकते हे त्यांना माहीत आहे, आणि ती बदलली जाणार नाही, असे त्यांनी लिहिले. खाली नाव आणि तारीख टोचली. पाटी काढून शेरेबुक त्यांनी अधिकाऱ्यांच्या आवाजाच्या दिशेने पुढे केले.

अधिकाऱ्यांनी पान पाहिले. पान उलटले. मागच्या बाजूला बारीक उंचवटे उमटले होते. त्यांनी त्यांवरून बोट फिरवले.

"काय लिहिलंत?"

"वाचून घ्या कुणाकडून तरी."

"अहो, तुम्हीच सांगा की."

"लेखी आहे, साहेब."

बाकावर ब्रेल वाचणारे सहा सभासद बसले होते. अधिकारी उघडे शेरेबुक दोन्ही हातांनी धरून त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि कोणी हात पुढे करते का याची वाट पाहू लागले.