रेकॉर्डवर घेऊ नये

आमचे मालक विधानसभेत बोलायला उभे राहिले की थांबत न्हाईत, आन् घरात त्यांच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाई. लालासाहेब विरोधी पक्षात असले तरी मंत्र्याला घाम फोडतात, असं लोक कौतुकानं सांगायचे. मी म्हणायची, फोडू द्या की, पर आधी घरातला गळका नळ दुरुस्त करा म्हणावं.

त्यांची एक खोड व्हती. सरकारी दवाखाना बघायला जायचे ते आमदार म्हणून न्हाई. जीप लांब लावायची, साधी टोपी घालायची आन् पेशंटांच्या बाकावर जाऊन बसायचं. एकदा एका दवाखान्यात कंपौंडरनं त्यांना हात न लावताच गोळ्या दिल्या आन् तंबाखू सोडा म्हणून सांगितलं. ह्या माणसानं जन्मात तंबाखू खाल्ली न्हाई. पुढच्या अधिवेशनात त्याच गोळ्या त्यांनी सभागृहात दाखवल्या, सगळे पोट धरून हसले. त्या दवाखान्याला डॉक्टर काय मिळाला न्हाई. प्रश्न विचारला की छापील उत्तर यायचं, ‘हे खरे नाही.’ त्याच्या खाली, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मी ते कागद चुलीला लावायची.

आमचं गाव म्हसवडच्या बाजूला, रस्त्याला लागून. गाव वाढलं तसा सरकारनं गावाचा आराखडा केला आन् बाजारतळाजवळचा एक तुकडा दवाखान्यासाठी राखून ठेवला. आरक्षण म्हणतात त्याला. ते उठवायचं तर आधी लोकांच्या हरकती मागवाव्या लागायच्या. मग सरकारनं कायद्यात दुरुस्ती आणली, हरकती मागवायची गरजच न्हाई. मालक त्या दुरुस्तीच्या विरोधात घसा बसेस्तोवर बोलले. समोरचे निम्मे चहाला गेले व्हते. दुरुस्ती पास झाली आन् आमच्या बाजारतळाजवळ दवाखान्याऐवजी सत्तेतल्या एका बड्या माणसाचं मंगल कार्यालय उभं राहिलं. दवाखाना गेला ओढ्यापल्याड. ओढ्यावर पूल न्हाई, पार व्हायला नुसती पाण्यालगतची सिमेंटची फरशी. आमचा दुष्काळी भाग, ओढ्याला पाणी असतंयच कुठं, असं म्हणून साहेब लोकांनी फीत कापली.

त्याच साली आमच्या शिवांजलीला दिवस गेले.

शिवांजली आमची एकुलती एक. सांगलीजवळ कुपवाडला दिली व्हती. जावई कृष्णात, तिथंच त्याचं लेथ मशीनचं शेड हाय. पोरगा गुणाचा, बोलायला कमी. त्याची आई बनुबाई मात्र तोंडाची फटकळ. सातव्या महिन्यात आमी न्यायला गेलो तर ती म्हणाली, “आवं पाव्हणं, पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या. सांगलीत मोठा दवाखाना हाय, मिरज हाय. तुमच्याकडं काय हाय?”

मालक म्हणाले, “पहिलं बाळंतपण माहेरी व्हतं, इहीणबाई. रीत हाय ती.”

मी गप्प बसले न्हाई. वाटेत म्हणलं, निदान साताऱ्याला खाजगीत नाव घालू. तर म्हणाले, “लोकांना सरकारी दवाखान्यात जा म्हणून सांगतो. माझीच लेक खाजगीत गेली तर कुठल्या तोंडानं बोलू?” मी लय भांडले. शिवांजलीच मधी पडली. म्हणाली, “आई, जाऊ दे गं. सिस्टर चांगल्या हायत तिथल्या.” बापाची लाडकी, काय करता.

तिचे दिवस भरले आन् परतीचा पाऊस वर डोंगराकडं पडला, गावात थेंब न्हाई. दुपारची जेवणं व्हायच्या टायमाला तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. जीपमधी घातलं आन् ओढ्याला आलो, तर फरशी दिसंना. लाल पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं. समोर दवाखाना दिसत व्हता, पिवळा रंग दिलेला, नवाकोरा. माझी पोरगी जीपमधीच बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, मी लुगड्यात गुंडाळली. पर रगत थांबंना. पल्याडच्या काठाला सिस्टर येऊन उभी राहिली व्हती. हात करून कायतरी सांगत व्हती, पोट दाबा म्हणत व्हती का काय, पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू आला न्हाई. डायवरनं जीप वळवली, म्हणाला लांबनं साताऱ्याला नेतो. म्हसवडच्या रस्त्याला लागलो तवा तिनं माझा हात सोडला.

मी त्या दिवशी मालकांना काय काय बोलले ते सांगत न्हाई. ते ऐकत राहिले. त्या दिवसापासनं त्यांनी लेकीचं नाव घेतलं न्हाई, ‘ती’ म्हणायचे. दुखवट्याच्या तारा आल्या, त्यात मंत्र्याचीबी आली. दिवस झाले आन् बनुबाई नात घेऊन गेली. पोरगी तिच्या घरची, आमी काय म्हणणार.

नागपूरचं अधिवेशन जवळ आलं तवा मालक म्हणाले, कुपवाडला जायचंय, तूबी चल. कृष्णात शेडवर गेला व्हता. बनुबाईनं आमाला बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं, पर नातीला बाहेर आणलं न्हाई. आतनं तिचा आवाज येत व्हता.

मालक म्हणाले, “इहीणबाई, सभागृहात मला ओढ्याचा विषय काढायचाय. ती तुमच्या घरची लक्ष्मी. तुमच्या परवानगीबिगर तिचं नाव घेणं बरं न्हवं.”

बनुबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, “म्या म्हणलं व्हतं का न्हवतं, पोरीला हितं ऱ्हाऊ द्या? तवा रीत आठवली. आता नाव पायजे. माझ्या पोराचं वय काय हाय? उद्या त्याला दुसरी करायची झाली तर पेपरात छापून आलेल्या घरात कोण लेक देईल? तुमच्या राजकारणात माझ्या सुनेचं नाव यायचं न्हाई. आलं तर नातीचं तोंड दिसायचं न्हाई तुमाला, सांगून ठेवते.”

ती वाईट बाई न्हाई. बोलताना तिचे डोळे भरले व्हते, आन् सुनेची साडी अजून दोरीवर घडी करून टाकलेली व्हती. मालकांनी मान खाली घातली आन् म्हणाले, “न्हाई घेणार. शब्द दिला.” मला कुणी विचारलंच न्हाई.

नागपूरला मी कवा गेले न्हवते. ह्या खेपेला हट्टानं गेले. गॅलरीत पास दाखवून बसले. दारातल्या पोलीस बाईनं बजावलं, बोलायचं न्हाई, उठायचं न्हाई, टाळ्याबी वाजवायच्या न्हाईत. खाली मालक दिसले, वरनं लय बारीक दिसले.

त्यांचा प्रश्न पुकारला तसे ते उठले. कायदा कसा बदलला, आरक्षण कसं उठवलं, दवाखाना ओढ्यापल्याड कसा नेला, सगळं सांगितलं. आवाज न्हेमीसारखा चढला न्हाई. शेवटी म्हणाले, “अध्यक्ष महाराज, त्या पाण्यापायी एक बाळंतीण गेली. जागा परत दवाखान्याला द्या, एवढीच माझी मागणी हाय.”

मंत्री हसत उठला. म्हणाला, “अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्य दरवेळी कुणीतरी बाई गेली म्हणतात. त्यांनी नाव सांगावं. एक नाव सांगावं, मी ह्याच सभागृहात आरक्षण पुन्हा ठेवण्याची घोषणा करतो.”

त्याची तार आमच्या घरात खुंटीला अडकवलेली हाय. त्यानं ती स्वतः वाचली व्हती का त्याच्या माणसानं परस्पर पाठवली, देव जाणे.

मालक उभेच. समोरचे बाक वाजवायला लागले, “नाव सांगा, नाव सांगा.” ह्यांच्या बाजूचे म्हणाले, “सांगा की लालासाहेब.” त्यांनी तोंड उघडलं. मग वर गॅलरीत बघितलं. मी कुठं बसलीय ते त्यांना दिसलं का न्हाई, कळलं न्हाई. आन् ते खाली बसले. सगळं आयुष्य ज्या बाकावरनं भांडले त्याच बाकावर मान घालून बसले. मला त्यांचा इतका राग यायचा, तो त्या टायमाला कुठं गेला कुणास ठाऊक. नुसती दया आली माझ्या माणसाची.

शब्द त्यांनी दिला व्हता. मी न्हवता दिला. नातीचं तोंड डोळ्यापुढं आलं, तरी मी उठले.

म्हणलं, “शिवांजली. शिवांजली तिचं नाव. माझी लेक हाय.”

मला वाटलं मी मोठ्यानं बोलले. खाली बाकं वाजतच व्हती. चार माणसांनी वर बघितलं. मंत्र्यानं न्हाई बघितलं, तो कागद आवरत व्हता. दारातल्या बाईनं माझा दंड धरला. अध्यक्षांनी घंटी वाजवली आन् म्हणाले, “गॅलरीतलं काहीही रेकॉर्डवर घेऊ नये. पुढचा प्रश्न.”

मला खालच्या एका खोलीत नेऊन बसवलं. त्या पोलीस बाईनं चहा आणून दिला, म्हणाली, “मावशी, असं करू नये हो.” थोड्या वेळानं मालक आले. दारातच थांबले.

“काय बोललीस तू?”

“नाव सांगितलं तिचं.”

“मला ऐकू आलं न्हाई गं,” म्हणाले. मग माझ्या शेजारी बसले आन् त्या परक्या बाईसमोर, टोपी तोंडाला लावून रडले. ओढ्याच्या काठाला रडले न्हवते, अग्नी देताना रडले न्हवते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘विरोधी आमदार निरुत्तर.’ खाली बारीक अक्षरात, गॅलरीत एका महिलेचा गोंधळ. नाव न्हाई, गाव न्हाई. मंगल कार्यालयात त्या सालची लग्नं धूमधडाक्यात लागली.

आन् बनुबाईनं बारशाला बोलावणं धाडलं. सुतकामुळं बारसं मागं पडलं व्हतं. आमी गेलो तशी ती दारात आली, मालकांच्या पाया पडली. म्हणाली, “पाव्हणं, पेपर वाचून घेतला म्या कृष्णाताकडनं. समदं गाव तुमाला हसलं, पर तुमी शब्द पाळला.”

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी पायातली चप्पल काढायला खाली वाकले.

बायका जमल्या व्हत्या, पाळणा फुलांनी बांधलेला. नातीचं नाव मयूरी ठेवायचं ठरलं व्हतं, ते आत्या तिच्या कानात सांगणार व्हती. त्याच्या आधी बनुबाईनं आपणहून पोरगी माझ्या मांडीवर दिली. हनुवटी अगदी आईची. मी तिला उराशी धरली, तिच्या कानाला तोंड लावलं आन् म्हणलं, “शिवांजली. तुझ्या आईचं नाव शिवांजली.”

“काय सांगितलंत वो कानात?” बनुबाईनं विचारलं.

“कुठं काय,” मी म्हणलं, आन् पोरगी आत्याच्या हातात दिली.