पिवळी डबी

“ही साबणाची डबी दारात कुणी ठेवली?” बायकोने उचललेला पाय हवेतच थांबवला.

“साबणाची नाही. पेडल आहे,” उस्ताद म्हणाले. “पाय देऊ नकोस.”

“पाय द्यायलाच असतं ना पेडल?”

“माझा. तुझा नाही.”

सकाळपासून उस्तादांनी चौथ्यांदा जागा बदलली होती. खिडकीशी वायर पोचेना, कपाटाशी गिटारचा दांडा आपटे, पलंगावर बसले तर पाय अधांतरी. शेवटी दारातच खुर्ची टाकून बसले. पिवळी, मुठीत मावेल एवढी डबी. तिच्यावर फिरवायची तीन बटणे, खाली पायाने दाबायची कळ आणि मध्ये राईएवढा दिवा. गिटारची वायर एका कुशीतून आत शिरायची आणि दुसऱ्या कुशीतून निघून ॲम्प्लिफायरला जाऊन मिळायची. ओव्हरड्राइव्ह म्हणतात याला. साधा आवाज यातून गेला की त्याला धार चढते. तो घोगरा होतो, भरतो, लांबतो. लांबतो, एवढेच उस्तादांनी ऐकले होते. दुकानदार म्हणाला होता, “तार नुसती गोंजारा. सूर तिचा ती धरून ठेवेल.” त्यावर त्यांनी दुसरे काही विचारलेच नाही.

उस्ताद हे नाव कारखान्याने दिलेले. ओतकामाच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षे त्यांनी ग्राइंडर चालवला. ओतून आलेल्या लोखंडाच्या खडबडीत कडा घासून घासून लोण्यासारख्या केल्या. आणि बावीस वर्षे कारखान्याच्या चौघांच्या बँडमध्ये गिटार वाजवली. कुणीही निवृत्त झाले की कँटीनच्या हॉलमध्ये भाषणे होत, आणि सगळ्यात शेवटी उस्तादांची निरोपाची धून. ती त्यांनीच बांधलेली. तिला शब्द नव्हते. पण बायको कपड्यांच्या घड्या घालताना तिच्यात स्वतःचे शब्द घालून गुणगुणायची:

काम सरलं रे गड्या, हात घे धुऊन,
दाराशी उभी सांज, तुझी वाट पाहून.

परवा, शनिवारी, उस्तादांचा स्वतःचा निरोप होता.

त्यांनी कळ दाबली. दिवा लागला. पहिला सूर छेडला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. मोठ्या मांजराने पाठीला पाठ घासावी तसा तो सूर खोलीभर फिरला, भिंतीला टेकला, आणि तरी सरेना. दुसरा सूर. तिसरा. बोटाला जोर लावावा लागत नव्हता. उस्ताद हसले. गेल्या हिवाळ्यानंतर गिटार मांडीवर घेऊन ते पहिल्यांदाच हसत होते.

धुनेच्या दुसऱ्या ओळीत कुणीतरी किंचाळले.

त्यांनी हात उचलला. पुन्हा तीच ओळ घेतली. पुन्हा किंचाळी, त्याच जागी. मूळ सुराच्या बगलेतून फुटलेली, तिखट, नको असलेली.

“वायर,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि वायर बदलली. मग प्लग बदलला. मग ॲम्प्लिफायर भिंतीपासून हातभर ओढला. मग पेडलमधली बॅटरी काढून जिभेला लावून पाहिली. जीभ चांगलीच झणाणली. उठले, बसले, पाणी प्यायले, अर्धा पेला तसाच ठेवून पुन्हा उठले.

“घरात भुंगा शिरल्यासारखं करताय,” बायको म्हणाली.

“तू तुझं काम कर.”

“तेच करतेय. तुम्ही मध्ये आहात.”

दहाच्या सुमारास कोपऱ्यावर बस थांबली. कारखान्याची बस चालवणारा बायकोचा धाकटा भाऊ पहिल्या पाळीची माणसे कारखान्यात सोडून आला होता. काखेत गिटार. बँडमध्ये तो दुसरा गिटारवाला. बावीस वर्षे उस्तादांच्या मागे बसून त्याने फक्त साथ केली. सुरांचे जुडगे धरायचे, ताल सांभाळायचा, पुढे यायचे नाही.

“काय दाजी, नवी सवत आणली म्हणे ताईला?”

“बस. ऐक आणि सांग काय बिघडलंय.”

उस्तादांनी वाजवले. दुसऱ्या ओळीत किंचाळी आलीच. मेहुण्याने भुवई उचलली.

“वायर बदलली,” उस्ताद घाईने म्हणाले. “बॅटरी ठीक आहे. डबीच नासकी दिली त्याने. परत करतो आत्ताच्या आत्ता.”

“द्या बरं इकडे. बघू.”

मेहुण्याने आपली गिटार जोडली, पाय पेडलवर ठेवला आणि पेडल तपासायचे म्हणून तीच धून घेतली. पहिली ओळ. दुसरी. किंचाळी आली नाही. तिसऱ्या ओळीत सूर असा वळला, की आतल्या खोलीत कपड्यांची सळसळ थांबली. मग त्याच्या लक्षात आले आपण काय वाजवतोय ते. त्याने चटकन तारांवर तळवा टेकवला.

“पुढे?” उस्ताद म्हणाले.

“पुढचं तुमचं आहे, दाजी.”

खोलीत ॲम्प्लिफायर तेवढा हलकेच गुणगुणत राहिला.

दोष डबीचा नव्हता, हे आता तिघांनाही कळले होते. उस्तादांना तर ते सकाळीच कळले होते. ग्राइंडरचा पुढचा दांडा एकतीस वर्षे त्यांनी डाव्या हाताने धरला होता. त्याची थरथर रोज थोडी थोडी हाडांत मुरत गेली. गेल्या हिवाळ्यात डाव्या हाताची शेवटची दोन बोटे खडूसारखी पांढरी पडू लागली, आणि मग बधिर राहू लागली. तारेवर बोट टेकले की नाही हे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागे. करंगळी शेजारच्या तारेला चाटून जायची आणि त्यांना पत्ता नसायचा. साध्या आवाजात ती चूक पोटात जात होती. पेडलचे काम मात्र एकच: जे हलके आहे ते मोठे करायचे. बोटांचे दुबळेपण झाकायला आणलेली डबी तेच चारचौघांत ओरडून सांगत होती.

“सराव कमी पडलाय,” उस्ताद म्हणाले. “दोन दिवस आहेत अजून.”

बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात त्यांचा पांढरा शर्ट होता, शनिवारसाठी काढलेला.

“मागच्या महिन्यात इस्त्रीला करंगळी टेकली होती तुमची,” ती म्हणाली. आवाज न चढवता, सहज. “चटक्याचा वास मला स्वयंपाकघरात आला. तुम्ही पँटची घडी सरळ करत होतात.”

“तेव्हा बोलली नाहीस ती.”

“तुम्ही बोलला नाहीत म्हणून. दोन महिने गुंड्यांचा शर्ट घातला नाहीत. मी काय आंधळी आहे?”

उस्ताद उठले. वायरीत पाय अडकला, तो झटकून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या रिकाम्या बसला एक फेरी घातली, मग दुसरी. टायरला लाथ मारून पाहिली. एकाने विचारले, बस सुटायची आहे का, ते म्हणाले, “मला काय विचारता?” डाव्या हाताने बसचा पत्रा चाचपला. ऊन त्यावर तापले होते. पहिल्या तीन बोटांना ते कळले.

परत आले तेव्हा मेहुणा तसाच बसला होता, गिटार आडवी ठेवून, शाळेत उशिरा आलेल्यासारखा.

“बँड रद्द कर,” उस्ताद म्हणाले. “भाषणं होतील, लोक घरी जातील. काही अडत नाही.”

“एक विचारू, दाजी? न्हावी स्वतःची मान स्वतः भादरतो का?”

“म्हणजे?”

“म्हणजे बावीस वर्षं सगळ्यांना निरोप तुम्ही दिलात. स्टोअरकीपरला दिला, पहारेकऱ्याला दिला. त्यातल्या कुणी स्वतः वाजवली का धून? आपला निरोप आपणच वाजवायचा, हे कुठलं शास्त्र? कुणीतरी द्यायचा असतो तो.” मग मान खाली घालून म्हणाला, “तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. ताईची शपथ.”

“माझी कशाला मध्येच?” बायको म्हणाली.

उस्ताद त्या पिवळ्या डबीजवळ आले. मग गुडघ्यांवर हात रोवून खाली बसले आणि उजव्या हाताने मधले बटण फिरवले.

“धार अर्ध्यावर. तू मघाशी पाऊण ठेवली होतीस. लोक निरोपाला येतात, दात उपटून घ्यायला नाही.” त्यांनी बायकोकडून पेन्सिल मागून घेतली आणि तिन्ही बटणांपाशी एकेक बारीक रेघ ओढली. “आणि दोन ओळी साध्याच घे. तिसऱ्या ओळीला कळ दाब. आधी नाही. आधी दाबलीस तर पुढे द्यायला काही उरत नाही.”

“आणि तुम्ही?”

“तुझी खुर्ची रिकामी राहील ना,” उस्ताद म्हणाले. “साथीला तीन बोटं पुरतात.”

शनिवारी निघताना ते आरशासमोर उभे राहिले. बायको पुढे आली आणि गळ्यापासून खालपर्यंत गुंड्या लावत गेली. शेवटची गुंडी लावून तिने शर्टावरून एकदा हात फिरवला.

कँटीनच्या हॉलमध्ये भाषणे झाली. मॅनेजरने एकतीसऐवजी तेहतीस वर्षे म्हटले. कुणी दुरुस्त केले नाही. मग चौघे आपापल्या जागी बसले. पुढच्या खुर्चीत मेहुणा, मागच्या खुर्चीत उस्ताद. लोकांत थोडी कुजबुज झाली आणि विरली. उस्तादांनी मान हलवून ताल दिला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. मागच्या रांगेत बायकोचे ओठ हलत होते.

तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी दोन पाय एकदमच दाबले गेले. एकाखाली पिवळ्या डबीचा दिवा लागला. दुसऱ्याखाली नुसती फरशी होती.

उस्तादांनी पाय तसाच दाबून धरला, धून संपेपर्यंत.