दोघांच्या वाटणीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे. जुना म्हटल्यावर लगेच भंगाराकडे बोट दाखवू नका! एका बाजूला पोचा आलाय, तेवढंच. आकाराने मात्र मी पहिल्यापासून बुटका. कारखान्यात आधी उंच ग्लास बनवले आणि उरल्यासुरल्या पत्र्यातून आम्हाला काढलं. दुकानातही ते पुढच्या फळीवर ऐटीत उभे आणि आम्ही मागे धूळ खात.

मला विकत घेतलं ते एका सुतारकाकांनी, आणि तेही कशाला, तर लाकूड चिकटवायचा सरस कालवायला! पण घरी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. "पेला आहे तो, डबडं नव्हे!" त्या दिवशी मी वाचलो. काकू एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायच्या. घरात ती दोघं आणि त्यांची एकुलती एक लेक. लेक लहान होती तोवर मी तिच्या औषधाचा पेला होतो. ती मोठी झाली, तिलाही उंच ग्लास लागायला लागला आणि मी परत फळीच्या मागे गेलो.

मग काकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिस सुरू झालं. दर एक-दोन दिवसांआड काका इस्पितळात जायचे. तिथलं यंत्र त्यांचं रक्त बाहेर घेऊन साफ करायचं आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढून टाकायचं. पण मधल्या दिवसांत जे प्यावं ते शरीरातच राहतं ना! पाय सुजतात, धाप लागते. म्हणून डॉक्टरबाईंनी बजावलं, पाणी अगदी मोजून. चहा, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्याच मापात.

आता उंच ग्लास काय कामाचे? माझा भाव एकदम वधारला. काकू रोज सकाळी माझ्याने मोजून काकांचं दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरायच्या. ती संपली की संपली. काकांसारखा पाण्याचा भोक्ता माणूस, त्याचे काय हाल झाले असतील! एकदा त्यांनी फ्रिजमधला बर्फाचा खडा गुपचूप गालात दाबला.

"गाल का फुगलाय?" काकूंनी विचारलं.

"दाढ दुखतेय गं."

"दाढेतून पाणी गळतंय वाटतं?"

काकांना हसू फुटलं आणि खडा टुणकन माझ्यातच पडला. सगळे पोट धरून हसले. पण त्या रात्री काकू जेवताना एकही घोट पाणी प्यायल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन बाटल्या काढल्या. दोन्ही माझ्याने मोजून भरल्या, अगदी सारख्या.

"ही दुसरी कुणाची?" काकांनी विचारलं.

"माझी. तुम्ही जेवढं प्याल, तेवढंच मी. तुमच्यासमोर घटाघटा पाणी नाही ढोसवत मला."

काकांनी शेजाऱ्यांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं. "आमच्या बाईसाहेब म्हणजे काय विचारता!" जो येईल तो काकूंचं कौतुक करून जाई. आणि मी? मीही फुगलो होतो की. दोन माणसांची तहान माझ्याच मापाने भागत होती.

आजार काही सरळ वाटेने जात नाही. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी काकांच्या हातातल्या शिरा शस्त्रक्रिया करून जोडल्या होत्या, तिथेच रक्ताची गुठळी झाली आणि ती वाट बंद पडली. मग मानेत नळी घातली. नळीतून जंतू शिरले, ताप भरला. एक दुखणं आवरावं तर दुसरं दारात हजर. रंधा धरणाऱ्या त्या दणकट हाताला आता मला उचलतानाही दुसऱ्या हाताचा आधार लागायचा.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बदलून टाकू. यांना पुन्हा नीट जगता येईल." लेकीचा रक्तगट जुळला नाही. काकूंचा जुळला. काय आनंद झाला म्हणून सांगू! काकांनी त्या दिवशी मोडकी खुर्ची दुरुस्त करायला घेतली. "बरा झालो की पहिल्यांदा काय करणार माहितेय? माठासमोर मांडी घालून बसणार!" काकू हसल्या. हसताना त्यांचे ओठ फाटून रक्त आलं. लेकीने ओठांना लावायला मलम आणून दिलं.

लाँड्रीतली ती वाफ, ती तापलेली इस्त्री, दिवसभर उभं राहणं आणि अंगातून वाहणारा घाम! आणि सोबत तेवढीच मोजकी बाटली. लघवीला जळजळ होते, असं काकू एकदा लेकीला म्हणाल्या होत्या. "उष्णतेनं असेल," असंही स्वतःच म्हणाल्या.

काकूंच्या तपासण्या झाल्या. निकाल ऐकायला सगळे गेले आणि मीही काकांच्या पिशवीत होतो. डॉक्टरबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. मग विचारलं, "ताई, तुम्ही दिवसभरात पाणी किती पिता?"

काकूंनी पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "यांच्याइतकंच! एक घोटही जास्त नाही."

डॉक्टरबाईंनी मला हातात घेऊन माझं माप बघितलं. "तुमच्या दोन्ही किडन्यांमध्ये खडे आहेत. काहींना ते मुळात होतातच. पण असं तहानलेलं राहून, त्यात उष्णतेचं काम... तुमची किडनी आता आम्हाला घेता येणार नाही. ती तुम्हालाच जपायला हवी."

काकू एकदम म्हणाल्या, "आजपासून भरपूर पिते ना मी! मग घ्याल?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. काकूंना रडू आवरेना. काकांनी मला उचलून पिशवीत ठेवलं.

मित्रांनो, काकांचं डायलिसिस अजून चालू आहे. दुसऱ्या कुणाची किडनी मिळण्याची वाट बघत त्यांचं नाव यादीत आहे. त्यांची एकच बाटली मोजून भरली जाते. काकूंसाठी मात्र ते स्वतः उठतात, भिंतीला धरून धरून माठापाशी जातात आणि मला काठोकाठ भरून आणतात.

"घे, पी."

"तुमच्यासमोर घशाखाली उतरत नाही हो."

"मी बघितलं म्हणून ते माझ्या पोटात जातं का, बाईसाहेब? पी. अजून आणतो."

काकू डोळे मिटून पितात. काका शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहतात. त्यांचा कंठ नुसताच वरखाली होतो.

मी साधा पेला. मला तुम्हाला शिकवण्याचा अधिकार नाही. तरी एक विनवणी करतो. तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याची सेवा करणाऱ्या माणसाकडेही बघत जा. ते माणूस स्वतः तहानलेलं राहत असेल, तर त्याचं कौतुक करू नका. आमच्याकडे काकूंचं कौतुक सगळ्यांनी केलं. पाणी कुणीच दिलं नाही.